मॅडमचं विधेयक

माणसांना नाद असतात. कुणी कबुतरं पाळतं, कुणी जुनी घड्याळं जमवतं. आमच्या मॅडमना कायदे लिहायचा नाद होता. वकील कायदे वाचतात, जमलंच तर थोडे वाकवतात. लिहायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मॅडमनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी भिवंडीच्या कोर्टात त्यांचा ज्युनिअर म्हणून लागलो तेव्हा माझे केस मागे हटायला लागले होते. एलएलबी मी इतक्या सावकाश केली होती की शेवटच्या वर्षी कॉलेजातला नवा शिपाई मला प्राध्यापक समजून उठून उभा राहायचा. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुज्यापेक्षा माजी फाइल लवकर पुढं सरकते." नाव विचारलं नाही. शेवटपर्यंत मी 'ज्युनिअर'च राहिलो. माझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा 'चि. ज्युनिअर यांस' असं होतं.

त्या मूळच्या कशेळीच्या. शेतं गोदामांखाली गेली, भावांच्या दारात गाड्या आल्या, आणि यांनी मात्र वकिली घेतली. पांढरी साडी, काळा कोट, आणि कोटावर येईल एवढी जाड सोन्याची माळ. एकदा न्यायाधीशांनी सौम्य शब्दांत माळेचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, "साहेब, वडिलोपार्जित आहे. वाटणीचा दावा चालू आहे, तोवर ताबा माझ्याकडे." साहेबांनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. कोर्टात त्यांची मराठी सरळ कायद्याच्या पुस्तकातून उतरलेली असायची. राग आला की ती तिथून उठून कशेळीला जायची.

पुतण्याच्या हळदीला त्यांनी 'हळद समारंभ नियमन' नावाचा कायदा लिहिला होता. डीजे किती वाजता बंद, कुणी किती प्यायची, नाचताना बंदूक कुणाच्या हातात द्यायची नाही, सगळं त्यात होतं. भावांनी मान डोलावली आणि वरात येण्याआधीच निम्मी कलमं मोडली. मॅडमनी सख्ख्या थोरल्या भावाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. त्याने ती फ्रेम करून गोदामाच्या ऑफिसात लावली. मी विचारलं, "मॅडम, उपयोग काय झाला?" त्या म्हणाल्या, "लिवलं नसतं तं मोडलं हे तरी कललं असतं का?"

ऑफिस कामतघरला होतं. खाली शेडमध्ये कांड्या भरायच्या मशिनी. लूमवर धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम तिथे बायका करायच्या. त्यामुळे वर आमच्या ऑफिसात सगळे ओरडून बोलत. घटस्फोटासारखी नाजूक बाबसुद्धा आमच्याकडे रस्त्यापर्यंत ऐकू जाई. दुपारी मॅडम डबा उघडायच्या आणि सुकटीचा वास कुठलाही भेदभाव न करता सगळ्या पक्षकारांना समान मिळायचा.

त्यांची एक पद्धत होती. लिहिलेलं प्रत्येक कलम बाहेर बाकावर बसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. पक्षकार बिचारे भाड्याच्या नाहीतर चेकच्या भानगडीत आलेले असत. त्यांना हे ऐकावंच लागे. "समजलं?" असं विचारल्यावर जो घाईने हो म्हणेल तो फसला. "मग सांग बघू तुझ्या शब्दांत." मी स्वतः तीनदा फसलोय. न समजलेलं कलम त्या त्याच्यासमोरच फाडायच्या. मी टाइप केलेलं असायचं, त्यामुळे फाडलं जाताना आवाज मला जास्त यायचा.

आता मुख्य गोष्ट.

खालच्या शेडमध्ये लक्ष्मी नावाची बाई कांड्या भरायची. तिचे आजोबा सोलापूरमार्गे तेलंगणातून भिवंडीत आलेले, त्यामुळे तेलुगू घरात आणि मराठी-हिंदी बाहेर. तिला लागोपाठ दोन मुलं. धाकट्याच्या वेळी इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लगेच पुन्हा दिवस गेले तर तुझं खरं नाही. गोळ्यांनी तिला ओकाऱ्या होत. म्हणून तिला तांबी बसवून घ्यायची होती. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात, पण बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई फक्त बुधवारी सकाळी यायच्या. लक्ष्मी खाडा करून गेली. सिस्टरनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, नवऱ्याची सही आण.

नवरा लूमवर. दिवसपाळी सोडली तर मालक दुसऱ्याला उभा करायचा. शिवाय नवऱ्याचं म्हणणं, "बायकांच्या दवाखान्यात मी काय करू? लोक बघतात." त्याची हरकत नव्हती. फक्त लाज होती.

लक्ष्मीने हे जिन्यात मॅडमना सांगितलं. मॅडम त्याच पावली, मला शेपटासारखं मागे घेऊन, दवाखान्यात.

"सिस्टर, नवऱ्याची सही लागते, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

सिस्टर अनुभवी होत्या. इंजेक्शनच्या सुया मोजता मोजता म्हणाल्या, "कायद्यात नाही मॅडम. आमच्याकडे तशी पद्धत आहे. मागनं नवरे येतात भांडायला, तेव्हा तुम्ही नसता इथे."

"पद्धत म्हणजे कायदा नव्हे."

"बरं. मग सही मागू नका, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

मॅडम गप्प झाल्या. मी त्यांना गप्प झालेलं तोवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी पाण्याची बाटली काढली. रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "बाई बरोबर बोलली रं. लिवलेलं न्हाय. लिवाया पायजे."

मी शहाणपणा केला. "मॅडम, त्यापेक्षा तुम्ही तिला खासगीत न्या ना. तुम्हाला काय जड आहे?"

"आन तिच्या बाजूच्या मशीनवालीला? आन तिच्या बाजूच्या? जल्ला तुजा हिशोब!"

लक्ष्मीला त्यांनी शब्द दिला, "थोडं थांब. तुझं काम कायद्याने होईल." लक्ष्मी हो म्हणाली. मोठ्या माणसाच्या शब्दाला आपल्याकडे लगेच हो म्हणतात. थांबायचं कसं, ते ज्याचं त्याने बघायचं असतं.

मॅडमचा दुसरा नियम असा की पुराव्याशिवाय कायदा लिहायचा नाही. मला बोलावून म्हणाल्या, "मेडिकलवाले साधनं देतात की नाही, कशी देतात, हे बघायचं. जा आणि निरोध विकत आण." मी तेव्हा अविवाहित होतो. मी गेलो. दुकानात एक आजी होत्या, त्या जाईपर्यंत थांबलो. त्या गेल्या तर एक शाळेतली मुलगी आली. ती गेली तोवर दुकानदार माझ्याकडे संशयाने बघायला लागला होता, म्हणून मी खोकल्याचं औषध मागितलं. दुसऱ्या दुकानात ओआरएसची पाकिटं घेतली. तिसऱ्यात बेबी पावडर. ऑफिसात येऊन पिशवी टेबलावर रिकामी केली. मॅडमनी एकेक वस्तू उचलून पाहिली.

"पुरावा काय झाला?"

"खोकल्याचं औषध मुबलक आहे, मॅडम."

मग त्या स्वतः आल्या. भर बाजारातलं दुकान, काउंटरवर गर्दी, आणि मॅडमचा खालच्या मशिनींवर मात करायची सवय झालेला आवाज: "ह्याला निरोध पाहिजेत. लाजतोय." दुकानदार माझ्या वडिलांचे मित्र निघाले. त्यांनी ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं, ती पिशवी आणखी एका पिशवीत, आणि प्रेमाने विचारलं, "काय रे, कधी ठरलं? बाबा काही बोलले नाहीत!" मी घरी पोचलो तेव्हा आईने शिरा केला होता आणि मुलगी कोण, कुठली, हे विचारण्यासाठी मावशी फोनवर थांबली होती.

बायकांची बाजू मॅडमनी स्वतः तपासली. त्याच काउंटरवर गोळ्या मागितल्या. दुकानदारांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"मॅडम, कुणासाठी?"

"कायद्यासाठी."

"नाही, म्हणजे, तरुण पोरी एकट्या आल्या तर आम्ही देत नाही. जबाबदारी असते ना."

"ही जबाबदारी तुम्हाला कोणी दिली?"

त्यांनी वर्तमानपत्राचा आणखी एक तुकडा फाडला आणि गोळ्या गुंडाळायला घेतल्या.

विधेयक तयार झालं. नाव लांबलचक, 'संततिनियमन साधनांची समन्यायी उपलब्धता' वगैरे. बाकावरच्या एका लूमवाल्या भैयाने ते ऐकून विचारलं, "मॅडम, मतलब ये कि दवाखानेवाला और दुकानवाला, कोई ना नहीं बोल सकता?" मॅडम खूश. "करेक्ट. यही नाम रखना चाहिए था." तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव 'ना नाही कायदा'. कलमं मोजकीच. सज्ञान बाईकडे दुसऱ्या कुणाची सही मागू नये. लग्न झालंय का, विचारू नये. मेडिकलवाल्याने उपदेश करू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कामगारांचा खाडा होऊ नये म्हणून सुट्टीच्या दिवशीही तांबी बसवायची सोय असावी. टाइप करताना मी ते अधिक स्पष्ट केलं: 'सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी.'

हे कलम मॅडमनी बाकावर वाचलं. बाररूममध्ये वाचलं. चहावाल्याला वाचून दाखवलं. हळदीच्या भांडणानंतर पहिल्यांदाच भावाच्या घरी गेल्या आणि तिथेही वाचलं. सगळे म्हणाले, उत्तम.

एका आमदारांचं वडिलोपार्जित जमिनीचं प्रकरण मॅडमकडे होतं. ते म्हणाले, ताई, मी अशासकीय विधेयक म्हणून मांडतो. आमच्या आनंदाला सीमा नव्हती. आम्ही मुंबईला गेलो. मसुदा तपासणारे अधिकारी अत्यंत सभ्य गृहस्थ होते. चष्मा पुसून त्यांनी ते कलम दोनदा वाचलं.

"मॅडम, हे शुक्रवारचं काय आहे? एखाद्या व्रताचा संबंध आहे का?"

"व्रत कसलं? सुट्टी असते."

"कोणाला?"

"सगळ्यांना," मी म्हणालो. म्हटलं, मॅडमना मदत करावी.

अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. रविवार तिथे लाल रंगात, महिनाभर, ठळक. भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात. बाजार, लग्नाची बोलणी, न्हावी, सिनेमा, सगळं शुक्रवारी. जन्मापासून शुक्रवारी सुट्टी पाहिलेल्या दोन वकिलांनी अख्ख्या महाराष्ट्राला शुक्रवारची सुट्टी देऊन टाकली होती आणि अख्ख्या गावात एकालाही त्यात चूक दिसली नव्हती.

"शुक्रवारी सगळीकडे दवाखाने चालूच असतात," अधिकारी हळुवारपणे म्हणाले, "त्यामुळे हे कलम अनावश्यक ठरेल." त्यांनी पेन उचललं.

मॅडमनी टेबलावर हात ठेवला. "काढू नका. लिहा: ज्या गावात जो सुट्टीचा वार, त्या वारी." जिना उतरताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "तू आन मी, दोगं पन येडंच."

विधेयक छापून आलं. त्यावर क्रमांक होता. मॅडमनी त्या छापील कागदाला हळदकुंकू वाहिलं. मी पाहिलं हे त्यांना माहीत नाही. अशासकीय कामकाज विधानसभेत असतं शुक्रवारी, त्यामुळे आम्हाला तो शुभशकुन वाटला. त्या शुक्रवारी सभागृहात दुसऱ्याच विषयावर गोंधळ झाला, आमच्या विधेयकाचा क्रमांक यायच्या आत कामकाज तहकूब झालं, आणि लगेच अधिवेशनही संपलं. आमदार म्हणाले, पुढच्या अधिवेशनात बघू, ताई.

आम्ही परत आलो तेव्हा जिन्याच्या तळाशी लक्ष्मी उभी. केसांना सुताची पिंज लागलेली.

"मॅडम, कायदा आला का?"

"पुढच्या खेपेला येईल."

लक्ष्मीने केसांतली पिंज काढली. मग खालच्या आवाजात, मशिनींच्या गोंगाटात आम्हाला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "या महिन्यात चार दिवस उशीर झालेला, मॅडम. मी देवीला नवस बोलली. मग आली पाळी. पण प्रत्येक महिन्याला किती नवस बोलू?"

मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. डबा तसाच बंद. आमच्या ऑफिसात सुकटीचा वास न आलेला तो पहिलाच दिवस.

पुढच्या बुधवारी त्या सकाळीच दवाखान्यात. शेडच्या मालकाला सांगून लक्ष्मीला सोडवून आणलं होतं, तिचा धाकटा तिच्या कडेवर. मॅडम थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या. मला आणि लक्ष्मीला बाहेर बाकावर बसवलं. आतून मॅडमचा आवाज येत होता, पण त्यात कशेळी नव्हती, म्हणजे बोलणं नीट चाललं होतं.

आता माझं काय झालं ते सांगतो. कोर्टात ज्युनिअरला एक सवय लागते. कारकून कागदावर जिथे बोट ठेवेल तिथे सही करायची. तारीख घ्या, सही करा. नक्कल घ्या, सही करा. वाचायचं नाही. सीनियरच्या नावापुढे 'करिता' लिहायचं आणि खाली आपली सही ठोकायची. मी वर्षानुवर्षं दुसरं काही केलं नव्हतं. सिस्टर बाहेर आल्या, लक्ष्मीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घरचे तुम्हीच ना?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "इथे."

मी केली.

मॅडम बाहेर आल्या त्या चेहरा उजळून. मागोमाग डॉक्टरीणबाई. "सिस्टर, हिला घ्या आत. सहीची गरज नाही, मी सांगते."

"झाली की सही, मॅडम," सिस्टर म्हणाल्या आणि कागद दाखवला. 'पतीची सही' या ओळीवर आधी 'करिता', मग माझी सही, आणि हात थांबला नाही म्हणून खाली माझा सनद क्रमांक.

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ धरला. "ह्यो कोनाचा नवरा?"

"तिच्या नवऱ्याकरिता केली, मॅडम."

"नवऱ्याकरिता! वकीलपत्र घेतलंस त्याचं? जल्ला तुजा हात तो! मी आत डॉक्टरांना सांगून आले सही लागत न्हाय, आन तू भाईर बसून देऊन मोकला!" मग सिस्टरकडे वळून, "फाडा हे. नवा कागद द्या. बिनसहीचा."

"मॅडम, कागद आता ऑफिसातनं आणावे लागतील. डॉक्टर निघायच्या वेळेला आल्यात. चालेल की हाच."

"न्हाय चालनार! आज ही सही चालली तं उद्या हरेक बाईला सही द्यायला कोनतरी बाप्या धरून आनावा लागंल. कागद आना!"

लक्ष्मी बाकावरून उठली. तिने आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुमचा कायदा मागाहून करा. माझं आधी करून घ्या."

दवाखान्यातल्या इतर बायकांनी माना वळवल्या. मॅडम लक्ष्मीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मला वाटलं आता हात जोडतायत की काय. पण त्यांनी धाकट्याला घेतलं.

"जा. आत जा तू."

दार लागलं. मॅडम पोराला मांडीवर घेऊन बसल्या. त्याने ती वडिलोपार्जित माळ दोन्ही मुठीत धरली आणि तोंडात घातली. त्यांनी घालू दिली. तेवढ्यात त्यांनी एका हाताने कागद गुडघ्यावर ठेवून माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि, कोर्टात खाडाखोड केल्यावर करतात तशी, बाजूला माझ्याकडून छोटी सही करून घेतली. "आता बरोबर हाय," म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता.

लक्ष्मी बाहेर आली तेव्हा जरा फिकट होती. मॅडम झटकन उठल्या. "दुखलं का गो?"

"थोडं." तिने पोराला घेतलं. "पण आता नवस नको."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मसुद्यात दुरुस्ती केली. 'पती, सासू, सासरा वा अन्य कोणाचीही सही मागू नये' यात 'सासरा' या शब्दानंतर 'वकील' घातला. मी टाइप केलं. दुसरं काय करणार?

ते विधेयक पुढच्या अधिवेशनातही चर्चेला आलं नाही. मग सभागृहाची मुदत संपली, विधेयक आपोआप बाद झालं, आमदारही पडले. मॅडमनी नवा आमदार शोधायला घेतला. दरम्यान लक्ष्मीने तिच्या बाजूच्या मशीनवालीला आणलं. मग तिच्या बाजूचीला. दवाखान्यातल्या सिस्टर बदलल्या, नव्या आल्या आणि सही मागायची पद्धत जशी होती तशी पुन्हा सुरू झाली. डॉक्टरीणबाई रजेवर गेल्या की त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. बुधवारी सकाळी मॅडम कोर्टात मिळत नाहीत, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. मी उभा राहून तारीख मागायचो आणि न्यायाधीशसाहेब कारण विचारेनासे झाले होते.

एका बुधवारी तारीख घेऊन मी दवाखान्यात गेलो. मॅडम बाकावर, शेजारी कुणी नवीच पोरगी, नखं खात बसलेली. मॅडमचा घसा बसला होता. मी म्हटलं, "मॅडम, तुमची निम्मी प्रॅक्टिस या बाकावर चाललीय. विधेयक पुढच्या वर्षी येईलच ना. तोवर दर बुधवारी तेच भांडण कशाला?"

त्या थोडा वेळ खोकल्या.

"लक्ष्मीसाठी भांडले, तं लक्ष्मीचं झालं. हिच्यासाठी भांडेन, तं हिचं होईल. कायदा झाला असता तं एकदाच भांडले असते नं."

आतून सिस्टरनी हाक मारली आणि नवऱ्याचं विचारलं. पोरगी उठली. मॅडमनी पदर खोचला आणि तिच्या पुढे चालू लागल्या.